डायलिसिस आणि ‘करंटचा व्यायाम’: खान्देशातले रुग्ण आणि घरचे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर अमळनेरचं, काम जळगाव-धुळे पट्ट्यातल्या डायलिसिस केंद्रांमध्ये. खाली दिलेले प्रश्न खाटेशेजारी उभं राहून ऐकलेले आहेत, म्हणून शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरं हिमोडायलिसिस, म्हणजे रक्ताचं डायलिसिस घेणाऱ्यांसाठी आहेत. पोटाच्या डायलिसिसवाल्यांसाठी एक प्रश्न शेवटाकडे आहे. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका. हे वाक्य खाली पुन्हा पुन्हा लिहिलेलं नाही, पण प्रत्येक उत्तराला लागू आहे.

“मना पायस्मा जीवच नही ऱ्हायना.” हे डायलिसिसमुळे होतं का?

हा प्रश्न नाही, गाऱ्हाणं आहे. पण रोज ऐकते म्हणून पहिलं उत्तर याला.

पायातला जीव कमी होतो हे खरं, मात्र कारण एकटं नसतं. किडनी निकामी झाली की रक्तातलं आम्ल वाढतं आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. शरीरात बारीक सूज सतत धुमसत राहते. भूक मरते. डायलिसिसच्या प्रत्येक वेळी पाण्याबरोबर ६ ते १२ ग्रॅम अमायनो आम्लंही निघून जातात, आणि स्नायू बांधायचा कच्चा माल तोच असतो. हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिला की स्नायू आणखी उतरतात.

यात बसून राहण्याचा वाटा लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास मशीनवर. वर्षाचे ६२४ तास होतात, म्हणजे रात्र धरून पूर्ण २६ दिवस. शिवाय घरी गेल्यावर उरलेला दिवस अंथरुणातच जातो. चांदसैली घाट उतरून नंदुरबारला येणाऱ्या धडगावच्या माणसाचा प्रवासातला वेळ वेगळाच. सगळ्यात आधी मांडीचा पुढचा स्नायू उतरतो. तो गेला की पहिली अडचण खाली बसून उठताना येते, आणि दुसरी एसटीच्या पायरीवर.

करंटचा व्यायाम म्हणजे नेमकं काय? शॉक बसतो का?

शॉक बसत नाही, पण पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच दचकतात.

मांडीवर दोन चिकट पॅड लावतो. एक मांडीच्या वरच्या भागात थोडं बाहेरच्या अंगाला, दुसरं गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, जिथे पाय ताठ केला की स्नायूचा थेंबासारखा उंचवटा दिसतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मशीन हातात मावेल एवढं, सेलवर चालणारं. आकडा एक-एक करत वाढवते. आधी मुंग्या येतात. मग मुंग्या दाट होतात, कुणी आतून कोणी टिचक्या मारतंय असं सांगतं. आणखी दोन-तीन आकड्यांनी मांडी घट्ट होते आणि गुडघ्याची वाटी वर सरकते. वाटी सरकली की मी रुग्णाला तिथे बोट ठेवायला लावते, म्हणजे काम स्नायू करतोय यावर विश्वास बसतो. काही सेकंद आवळणं, काही सेकंद सैल, पुन्हा आवळणं.

एरवी स्नायू आवळायचा हुकूम मेंदूकडून नसेवाटे येतो. इथे तोच हुकूम कातडीवरून, नसेच्या टोकांना बारीक वीजझटके देऊन दिला जातो. मेलेल्या बेडकाचा पाय विजेने हलतो हे इटलीच्या गॅल्वानीने अठराव्या शतकातच पाहिलं होतं. आजचं मशीन त्याच गोष्टीवर चालतं, फक्त झटका किती, किती वेळ आणि किती वेळा हे आता मोजून देता येतं.

गुडघेदुखीला शेक देतात तेच का हे?

नाही. आपल्याकडे विजेच्या सगळ्याच उपचारांना ‘शेक’ म्हणतात, तिथून गोंधळ सुरू होतो. दुखणं कमी करायला लावतात ते टेन्स. त्यात मुंग्या आल्या की काम झालं, स्नायू आवळला नाही तरी चालतो. आपल्याला स्नायू आवळलेला हवा असतो. त्या मशीनला ईएमएस किंवा एनएमईएस म्हणतात. काही मशीनांत दोन्ही सोयी असतात आणि बटण चुकीच्या जागी असलं तर महिनाभर नुसत्या मुंग्या घेऊन माणूस म्हणतो, “काही फरक नाही.”

पडल्या पडल्या व्यायाम होत असेल तर चालायचं कशाला?

कारण पडल्या पडल्या होणारा व्यायाम अर्धाच आहे.

आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा शरीर आधी बारीक, चिवट तंतू कामाला लावतं. वजन वाढलं की मग जाड, ताकदीचे तंतू बोलावतं. करंटला ही शिस्त नसते. पॅडच्या खाली जे सापडेल ते तो एकदम आवळतो, तेही दर वेळी तेच तंतू. म्हणून स्नायू लवकर थकतो. आणि फक्त तो एक स्नायू जागा होतो. तोल सांभाळणं, पाय टाकताना कंबर धरणं, हृदयाला सराव देणं, हे करंटच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: जो माणूस खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठू शकतो, त्याला करंट लावण्यात मी वेळ घालवत नाही. त्याला मी चालायला लावते, पायाला रबरी पट्टा बांधते, डायलिसिस चालू असताना पायाने चालवायची सायकल खाटेला जोडते. करंट कामाचा आहे तो ज्याला एवढंही झेपत नाही त्याला: दवाखान्यातून महिनाभराने घरी आलेला, पायात त्राण नसलेला, दोन पावलांत धाप लागणारा, वय झालेला, किंवा ज्याला व्यायाम म्हटलं की रडू येतं असा. गाडी ढकलून चालू करतात ना, तेवढंच त्याचं काम. तशी गाडी गावापर्यंत कोणी ढकलत नेत नाही.

उपयोग होतो हे कोणी तपासलंय का, की नुसतं म्हणायचं?

तपासलंय, पण अभ्यास लहान आहेत. चेक प्रजासत्ताकातला २०१२ साली छापून आलेला एक अभ्यास २० आठवड्यांचा होता. रुग्णांचे तीन गट केले: एक डायलिसिसवर सायकल चालवणारा, एक मांडी-पोटऱ्यांना करंट घेणारा, एक काहीच न करणारा. करंटवाल्यांची ताकद आणि दम दोन्ही सुधारले, सायकलवाल्यांच्या बरोबरीने. पण तिन्ही गट मिळून रुग्ण जेमतेम तीस-बत्तीस. नंतर ब्राझील आणि जपानमध्ये काम झालं. जपान्यांनी पॅडऐवजी कमरेला, मांडीला, घोट्याला बांधायचे पट्टे वापरले. बहुतेक ठिकाणी मांडीची ताकद वाढली, सहा मिनिटांत चालून होणारं अंतर वाढलं. करंटमुळे आयुष्य वाढतं असं कोणी दाखवलेलं नाही, आणि तसं सांगून कोणी मशीन विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मोठा अभ्यास झाला तो स्वतः करायच्या व्यायामाचा. जर्मनीत नऊशेहून जास्त रुग्णांना वर्षभर डायलिसिस चालू असतानाच व्यायाम दिला. २०२३ साली निकाल आला. ६० सेकंदांत खुर्चीतून उठ-बस किती होते हे मोजलं होतं, आणि व्यायाम करणाऱ्यांची उठ-बस वाढली. चालतं-फिरतं करण्यावर माझा जोर आहे तो यामुळेही.

करंटने रक्त जास्त स्वच्छ होतं म्हणे?

थोडंसं तथ्य आहे. डायलिसिस चालू असताना पाय निपचित पडलेले असतात, तिथे रक्त कमी फिरतं, आणि युरियाचा मोठा साठा स्नायूंतच अडकून राहतो. स्नायू हलले की रक्त फिरतं आणि तो साठा बाहेर येतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली दहा रुग्णांवर करून पाहिलं. करंट लावल्यावर युरिया आणि फॉस्फेट जास्त निघालं. पण दहाच रुग्ण. म्हणून “करंट घेतला, आता चारऐवजी साडेतीन तासच बसतो” असा हिशेब कृपा करून मांडू नका. मांडलाय एकाने. चार तास ठरलेत तर चार तास.

कोणी अजिबात घेऊ नये?

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं झटक्याचं यंत्र असेल तर नाही. गरोदर बाईला नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, नुकतीच होऊन गेली असेल किंवा एक पाय अचानक सुजून दुखायला लागला असेल तर नाही, आधी सोनोग्राफी. आटोक्यात नसलेली फिट, जखम, पिकलेली कातडी, पॅडच्या जागी गाठ किंवा कॅन्सर असेल तर नाही. जांघेत डायलिसिसची नळी असेल तर त्या मांडीला नाही. छातीवर, मानेच्या पुढच्या बाजूला आणि डोक्यावर पॅड कधीच नाही, कुणालाच नाही.

गळ्याला नळी असलेल्यांसाठी एक वेगळी खबरदारी आहे, ती रुग्णापेक्षा केंद्रातल्या लोकांनी वाचावी. ती नळी थेट हृदयाच्या तोंडाशी गेलेली असते. भिंतीतल्या वीजजोडाला लावलेलं, वायर सोललेलं जुनं मशीन अशा रुग्णाजवळ आणायचं नाही. सेलवर चालणारंच मशीन, आणि तेही पायालाच.

गुडघ्याची वाटी बदललीय, मांडीत रॉड आहे, म्हणून मात्र घाबरू नका. वाटी बदलल्यावर मांडी उभी करायला हाच करंट सर्रास वापरतात.

फिस्टुलाच्या हातात ताकद यायला तिथे लावू का?

नाही, नाही आणि नाही. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा. एका काकांनी घरी लावलं होतं. नशीब, फिस्टुला शाबूत राहिला. पण ते आले तेव्हा मी आधी त्यांच्या मनगटावर कान टेकवला आणि फिस्टुला घुमतोय, म्हणजे त्यातून रक्त वाहतंय, हे ऐकू येईपर्यंत माझाच जीव वरखाली झाला. त्या हाताला मऊ चेंडू दाबायचा व्यायाम आहे, तोही डायलिसिसच्या वेळी सुया आत असताना नाही.

मला वीस वर्षांपासून साखर आहे, तळपाय सुन्न आहेत. चालेल?

खान्देशात डायलिसिसवर येणाऱ्यांत साखरेमुळे किडनी गेलेले खूप, म्हणून हे नीट वाचा.

करंट किती वाढवायचा हे रुग्ण सांगतो. ज्याला कळतच नाही तो “वाढवा, वाढवा” म्हणत राहतो आणि पॅडखाली कातडी भाजते. मी आधी कापूस आणि बोथट टोक आलटून पालटून टेकवते, रुग्णाने डोळे मिटून सांगायचं कापूस की टोक. तळपाय आणि नडगी चुकतात, पण मांडीला उत्तर बरोबर येतं असे बरेच असतात. साखरेने नसा आधी टोकाकडच्या जातात, म्हणून. त्यांना फक्त मांडीला लावते, पोटरीला नाही. पायातून चप्पल निसटली तरी ज्याला कळत नाही, त्याच्या पोटरीला घरच्यांनी तर मुळीच लावू नये. पॅड काढल्यावर कातडी बघायची. गुलाबी ठीक. अर्ध्या तासानंतरही लाल असेल किंवा फोड दिसला तर बंद.

डायलिसिस चालू असताना कधी लावायचं?

पहिल्या दोन तासांत. शेवटच्या तासापर्यंत बरंच पाणी निघालेलं असतं, बीपी पडण्याची वेळ तीच असते. लावण्याआधी बीपी. वरचा आकडा १०० च्या खाली किंवा बीपी १८०/११० च्या वर असेल तर मी त्या दिवशी हात लावत नाही. छातीत दुखतंय, ताप आहे, दोन डायलिसिसच्या मधे पाणी इतकं वाढलंय की आडवं झालं की धाप लागते, तरी नाही. टेक्निशियनला सांगितल्याशिवाय कधीच सुरू करू नका. मशीनच्या पडद्यावर काही वेडंवाकडं दिसलं तर त्याला आधी माहीत असायला हवं की पायाला करंट चालू आहे.

डायलिसिस नसलेल्या दिवशी घरी घेतलं तरी चालतं. केंद्रात लावायचं कारण एवढंच की ते चार तास तसेही पडून जातात.

आकडे किती ठेवायचे?

फिजिओ ठरवेल, पण मशीनवर काय दिसतं ते कळायला हवं. ताकदीसाठी सेकंदाला साधारण ५० झटके, म्हणजे ५० हर्ट्‌झ, दम वाढवायला १० ते २० हर्ट्‌झ. झटक्याची रुंदी ३०० ते ४०० मायक्रोसेकंद, कारण मांडीचा स्नायू मोठा असतो. ताकदीच्या करंटला ५ ते १० सेकंद आवळणं आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट सैल. सुरुवातीला विश्रांती जास्तच. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं पुरे, मग चढवत ३० पर्यंत. आठवड्यातून तीनदा.

मिलिअँपिअरचा, म्हणजे करंटच्या जोराचा आकडा मात्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी ताडून पाहू नका. त्याच्या पायावर चरबी कमी असेल, पाणी कमी असेल, पॅड नवं असेल. “त्यांना ४० लागला, माझा २२ च” याला काही अर्थ नाही. मांडी डोळ्यांना दिसेल अशी आवळली पाहिजे आणि चेहरा आवळला जाता कामा नये, एवढंच मी बघते. करंट आत आला की तुम्हीही पाय ताणायचा. दोघांनी मिळून ओढलं की जास्त मिळतं.

पुण्याला भाचा जिममध्ये करंटचा सूट घालून व्यायाम करतो. २० मिनिटांत सगळं अंग होतं म्हणे.

भाच्याला करू द्या. तुम्ही त्या सूटजवळ जायचं नाही.

त्यात छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या सगळं एकदम आवळतं. पहिल्याच दिवशी जोर जास्त झाला तर स्नायूंचे तंतू फुटतात आणि आतला माल रक्तात उतरतो. चांगल्या किडनीच्या तरुण माणसांनाही यापायी दवाखान्यात भरती व्हावं लागलंय. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि त्यातला मोठा भाग स्नायूंत. ते बाहेर आलं तर तुमच्याकडे ते बाहेर टाकायला किडनी नाही, आणि पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं.

याहून वाईट म्हणजे, इतरांना धोक्याची खूण लघवीत दिसते: ती चहासारखी काळपट होते. डायलिसिसच्या बऱ्याच रुग्णांना लघवीच होत नाही. खूण दिसायची जागाच नाही. म्हणून साध्या मांडीच्या करंटनंतरही मांडी दोन-तीन दिवस दगडासारखी दुखत असेल, सुजली असेल, किंवा अंग एकदम गळून गेलं असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता फोन करा. जपून, चढवत चढवत दिलेल्या मांडीच्या करंटने सहसा असं होत नाही. घाई केली की होतं.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मशीन मिळतंय. घेऊ?

आधी केंद्रात आठ-दहा वेळा आमच्यासमोर घ्या. पॅड कुठे, आकडा किती, हे हाताला बसू द्या. मग घ्यायचंच तर तीन गोष्टी बघा: स्नायू आवळायची सोय आहे की फक्त टेन्स, आवळणं-सैल सोडणं याच्या वेळा बदलता येतात का, आणि सुटे पॅड पुन्हा मिळतात का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. पॅड वीस-तीस वेळांत चिकटायचं सोडतात, आणि मग घरचे सेलोटेप लावून भागवतात. कडेला उचललेल्या पॅडमधून करंट एका बिंदूत जातो आणि तिथेच चटका बसतो. पॅड दुसऱ्याचे वापरू नका, घरातल्याचेही.

पोटावर लावून ‘चरबी वितळवणारा’ पट्टा म्हणजे हे मशीन नव्हे.

रात्री पायात गोळे येतात. करंटने जातील का?

काहींना कमी होतात, पण मी तसं वचन देत नाही. गोळा आलेला असताना मात्र करंट लावायचा नाही. आवळलेल्याला आणखी आवळून काय होणार? पायाचा पंजा अंगाकडे ओढा, सिस्टरला हाक मारा. डायलिसिसच्या शेवटी दर वेळी गोळे येत असतील तर बहुतेकदा पाणी फार वेगाने निघतंय किंवा ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघाल्यावरचं ठरवलेलं वजन, चुकलंय. तुम्ही अंगाने भरलात किंवा उतरलात आणि वजनाचा आकडा जुनाच राहिला असं होतं. ते डॉक्टरांशी बोलायचं.

खाण्याचं काय? आम्हाला तर डाळ बंद सांगितलीय.

कधी सांगितली होती? इथेच घोळ आहे, आणि तो मला करंटपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

डायलिसिस सुरू होण्याआधी किडनीवर भार नको म्हणून प्रथिनं कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पण घरात जुना कागद फ्रिजवर चिकटलेला असतो आणि माणूस दोन वर्षं पातळ वरण, भात आणि भीती यावर जगतो. त्याला मी कितीही करंट लावला तरी स्नायू कशाचा बनणार? रेतीशिवाय गवंडी काय करेल?

अंडं खात असाल तर पांढरा भाग उत्तम: एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि फॉस्फरस नगण्य. मासे, चिकन प्रमाणात. शाकाहारी असाल तर पनीर, दही, डाळ यांचं माप आहारतज्ज्ञाकडून घ्या, कारण डाळीत पोटॅशियम-फॉस्फरसही येतं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती सरसकट बंद करायची गरज नाही, माप हवं. शेवभाजीत प्रथिनापेक्षा मीठच जास्त. ती खाल्ली की तहान, तहान म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पुढच्या वेळी बीपी पडणं. बिबडे-पापडांचंही तेच. केळीचं सांगायला जीव जड होतो, रावेर-यावलच्या माणसाला केळी खाऊ नका म्हणणं म्हणजे काय. पण १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. डॉक्टर परवानगी देतील तेवढीच.

फरक कधी कळेल? मांडी मापायची का?

आठ ते बारा आठवडे. मापायचं तर डायलिसिस झाल्यानंतरच, नाहीतर टेप सूजच मोजते. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर पेनाने खूण करून तिथेच टेप फिरवायची. पण माझा भरवसा टेपपेक्षा खुर्चीवर जास्त. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी बांधलेले, ३० सेकंदांत किती वेळा उठून बसता ते मोजा, तारखेसह कॅलेंडरवर लिहा. घरच्यांनी शेजारी उभं राहायचं. पारोळ्याकडच्या एका मावशींचा पहिला आकडा शून्य होता. दहाव्या आठवड्यात चार झाला. त्यांना आकड्याचं काही नव्हतं. त्यांनी सांगितलं, “आते कंडक्टर हात दे नही, तरी चढी जास.” त्या दिवशी मी त्यांचे पॅड काढले आणि व्यायामाचा रबरी पट्टा बांधला.

बंद केलं की दोन-तीन महिन्यांत कमावलेलं पुन्हा उतरतं. म्हणूनच करंटवरून स्वतःच्या व्यायामावर यायचं, करंटवरून काहीच नाही यावर नाही.

पोटाचं डायलिसिस असेल तर?

मांडीला चालतं. पोटावर, कमरेवर, नळीच्या आसपास नाही.

पॅड चिकटतच नाही.

खोबरेल लावून आलात. डायलिसिसच्या रुग्णांना खाज असते, म्हणून तेल लावतात, ते बरोबरच. पण केंद्रात येण्याच्या दिवशी मांडीला नको. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा नको. रक्त पातळ ठेवायचं औषध मशीनवर चालू असतं, बारीक कापलं तरी वाहत राहतं. मे महिन्यात भुसावळ ४५ च्या पुढे गेलं की घामाने पॅड सुटतात, तेव्हा दुपारच्या पाळीवाल्यांनी सोबत कोरडा नॅपकिन ठेवावा.

पैसे?

डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. करंटसाठी वेगळे पैसे पडतात का ते त्याच्याकडेच विचारा, आणि पडत असतील तर आधी आकडा कागदावर घ्या.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरीकडे जातोय. आठ दिवस करंट नाही, चालेल?

करंट नसला तरी चालेल. डायलिसिस चुकलं तर चालणार नाही. तिथल्या केंद्रात आधीच वार ठरवून घ्या; ड्राय वेट, रक्ताचे ताजे रिपोर्ट आणि कावीळ-एचआयव्हीच्या तपासण्या सोबत न्या, त्याशिवाय बहुतेक ठिकाणी मशीनवर घेत नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ ओट्यावरून दहा वेळा उठ-बस करा, झोक्याची दोरी धरून का होईना. रस-पोळीच्या जेवणात रस वाटीने, तीही एकच. आग्रह करणाऱ्या व्याह्यांना माझं नाव सांगा. आणि परत आल्यावर जुन्या आकड्यावर थेट जाऊ नका. २८ वर सोडलं असेल तर १५ पासून चढवायचं, पहिल्या दिवशी फक्त १० मिनिटं.